गुरूंच्या काशीतील खासगी विद्यापीठे: वाचकांचे प्रश्न

पंजाबच्या भटिंडा जिल्ह्यातील तलवंडी साबो हे शीख परंपरेत मानाचे स्थान असलेले गाव. तेथे गेल्या काही वर्षांत खासगी विद्यापीठे उभी राहिली असून त्यांच्या जाहिराती आणि प्रवेश-प्रतिनिधी आता महाराष्ट्रातही पोहोचू लागले आहेत. त्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या नांदेडप्रमाणे तलवंडी साबो येथेही शिखांचे तख्त, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठ, आहे. तेथील एका विद्यापीठाच्या नावात ‘गुरु काशी’ आणि दुसऱ्याच्या नावात ‘अकाल’ हे शब्द आहेत. ही विद्यापीठे तख्ताचीच आहेत असे समजावे का? आणि पंजाबातल्या गावाला काशी का म्हणतात? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्यातील गैरसमज त्यातूनच उगवतो. आनंदपूर सोडावे लागल्यानंतर चमकौरच्या लढाईत थोरले दोन पुत्र आणि सरहिंदला धाकटे दोन पुत्र गमावलेले गुरु गोविंदसिंग मालवा प्रदेशातून फिरत १७०६ मध्ये तलवंडीला आले आणि सुमारे नऊ महिने तेथे राहिले. हा मालवा म्हणजे मध्य प्रदेशातील माळवा नव्हे. सतलज नदीच्या दक्षिणेकडील पंजाबला हे नाव आहे. गावचा चौधरी डल्ला याने त्यांना आश्रय दिला, आणि सरहिंदच्या सुभेदाराचा दबाव येऊनही तो मागे हटला नाही, असे शीख परंपरा सांगते. याच मुक्कामात भाई मणिसिंग यांच्याकडून ग्रंथसाहिबाची नवी प्रत लिहून घेण्यात आली आणि तिच्यात नववे गुरु तेगबहादूर यांची वाणी समाविष्ट झाली, अशी परंपरेची धारणा आहे. ही प्रत ‘दमदमी बीड’ म्हणून ओळखली जाते. संत नामदेवांची ६१ पदे ज्या ग्रंथात आहेत तो हाच ग्रंथ, हे मराठी वाचकांना निराळे सांगायला नको.

गुरूंनी येथे लेखण्या टाकून ‘ही आमची काशी होईल, येथे विद्वान आणि लेखक घडतील’ असा आशीर्वाद दिला, ही कथा गावात आजही सांगितली जाते. लिखणसर नावाच्या ठिकाणी मुले गुरुमुखी अक्षरे गिरवतात ती याच श्रद्धेने. पुढे गुरु दक्षिणेकडे निघाले आणि १७०८ मध्ये आपल्या नांदेडला त्यांचे निर्वाण झाले. तलवंडीत मात्र बाबा दीपसिंग यांनी ग्रंथाच्या प्रती तयार करण्याचे आणि शिकवण्याचे काम चालू ठेवले. तेव्हा काशी या नावामागे देवळे किंवा घाट नसून लेखन आणि अध्यापन आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने तलवंडीच्या दमदमा साहिब गुरुद्वाऱ्याला पाचवे तख्त म्हणून औपचारिक मान्यता १९६६ मध्ये दिली. त्या मानाने अकाल तख्त, केसगढ साहिब, पाटणा साहिब आणि आपले हजूर साहिब यांची मान्यता पुष्कळ जुनी आहे.

आता मालकीविषयी. तख्त दमदमा साहिबचा कारभार प्रबंधक समितीकडे आहे, आणि ही समिती १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्याखाली चालते. (नांदेडचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो, हे आपल्याला ठाऊक असेलच.) समितीने पुढाकार घेऊन काढलेली खासगी विद्यापीठे पंजाबात आहेत, पण ती अन्यत्र: फतेहगढ साहिब येथील श्री गुरु ग्रंथसाहिब विश्वविद्यापीठ २००८ च्या कायद्याने आले आणि अमृतसरचे श्री गुरु रामदास आरोग्यविज्ञान विद्यापीठ २०१६ मध्ये. तलवंडी साबोतील दोन्ही विद्यापीठे मात्र स्वतंत्र न्यासांची आहेत. गुरु काशी विद्यापीठ २०११ मध्ये, तर अकाल विद्यापीठ २०१५ मध्ये पंजाब विधिमंडळाच्या कायद्यांनी स्थापन झाले. अकाल विद्यापीठामागे हिमाचलातील बडू साहिबचा कलगीधर ट्रस्ट आहे. हिमाचलच्या कृषी विभागाच्या संचालकपदावरून निवृत्त झालेले बाबा इक्बालसिंग या ट्रस्टचे दीर्घकाळ प्रमुख होते, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. उत्तर भारतातील खेड्यांमध्ये अकाल अकादमी नावाच्या शाळांचे जाळे याच ट्रस्टने विणले, आणि बडू साहिबला मुलींसाठी इटर्नल विद्यापीठही २००८ मध्ये काढले.

सारांश, गाव तख्ताचे असले तरी विद्यापीठ न्यासाचे आहे. गुरूंचे नाव लावण्याचा हक्क श्रद्धेने प्रत्येकाला आहे, पण त्या नावामुळे अभ्यासक्रमाच्या दर्जाची हमी तख्ताने घेतली असे होत नाही. आणि कोणा प्रतिनिधीने तसे सुचवले, तर त्याच्या बाकीच्या सांगण्याकडेही जरा संशयाने पाहावे.

प्रश्न : माझ्या मुलाला बी.एस्सी. (कृषी) साठी पंजाबातील एका खासगी विद्यापीठात प्रवेश देऊ, असे एका प्रतिनिधीने सांगितले आहे. ‘वर्षातून दोनदा जाऊन परीक्षा द्यायची, एरवी आमच्या जळगावच्या केंद्रात शिकायचे’ असे तो म्हणतो. पदवी ‘यूजीसी मान्य’ असल्याचे छापील पत्रकही त्याने दाखवले. विश्वास ठेवावा का? (एक पालक, जळगाव जिल्हा)

उत्तर : जळगावच्या केंद्राची गोष्ट ऐकताच आपण ती बोलणी थांबवावीत, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने निघालेल्या खासगी विद्यापीठाचे अधिकारक्षेत्र त्या राज्यापुरतेच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २००३ च्या विनियमांनुसार असे विद्यापीठ एकात्म स्वरूपाचे असते. त्याला इतर महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत, आणि मुख्य परिसराबाहेरचे केंद्र काढायचे झाले तरी ते त्याच राज्यात, काही वर्षे पूर्ण झाल्यावर आणि आयोगाची पूर्वपरवानगी घेऊनच काढावे लागते. या बंधनांमागे कडू अनुभव आहे. छत्तीसगडने २००२ मध्ये केलेल्या कायद्याखाली अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली होती. प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या. त्यासरशी ती विद्यापीठेही संपली. त्यांत शिकणाऱ्या मुलांची जी फरफट झाली तिचा विचार केला, म्हणजे ‘केंद्र आमच्याच गावात’ या सोयीची किंमत कळते. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन शिक्षण कायदेशीर आहे, पण त्यासाठी आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची परवानगी प्रत्येक विद्यापीठाने आणि प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेगळी मिळवावी लागते. आणि प्रात्यक्षिकांवर उभी असलेली कृषी पदवी त्या वाटेने घेण्याचा विचारही करू नये.

‘यूजीसी मान्य’ या शिक्क्याविषयी अधिक बारकाईने सांगितले पाहिजे, कारण पत्रकांमध्ये खोटे लिहिलेले नसते, अर्धे लिहिलेले असते. १९५६ च्या आयोग कायद्याच्या कलम २(फ) खाली विद्यापीठाचे नाव यादीत असणे म्हणजे ते विद्यापीठ कायदेशीर आहे आणि कलम २२ प्रमाणे त्याला पदवी देण्याचा अधिकार आहे, एवढाच अर्थ होतो. केंद्रीय अनुदानास पात्र ठरण्यासाठी लागणारे कलम १२(ब) ही निराळी पायरी आहे, आणि संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचे मूल्यांकन ही तिसरी. शिवाय वकिलीच्या पदवीला बार कौन्सिलची, औषधनिर्माणशास्त्राला फार्मसी कौन्सिलची आणि बी.एड.ला शिक्षक शिक्षण परिषदेची मान्यता अभ्यासक्रमागणिक स्वतंत्रपणे लागते. एका शिक्क्यावर चारही मान्यता असल्याचा भास निर्माण करणे ही जाहिरातींची जुनी कला आहे.

कृषी पदवीसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अधिस्वीकरण पाहावे. ते विद्यापीठाच्या एकूण नावाला मिळाले आहे की आपल्या अभ्यासक्रमाला, आणि किती वर्षांपर्यंत, हे लेखी विचारावे. पुढे एम.एस्सी.चे प्रवेश, परिषदेच्या शिष्यवृत्त्या आणि काही सरकारी भरती यांत हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्या वेळी उत्तर शोधायला गेले तर फार उशीर झालेला असतो. पंजाबने तर २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करून राज्य कृषी शिक्षण परिषद नेमली आणि कृषी पदवी देणाऱ्या संस्थांसाठी किमान निकष ठरवले. पुरेशी शेतजमीन आणि प्रयोगशाळा नसताना कृषीचे वर्ग भरवणाऱ्या संस्थांविषयी तक्रारी वाढल्या होत्या, त्यावरचा हा उपाय होता. आपण निवडलेली संस्था त्या परिषदेच्या निकषांत बसते का, हेही पाहावे. शक्य झाल्यास मुलासह प्रत्यक्ष जाऊन शेत, सिंचन, पीक-संग्रहालय आणि ‘रावे’साठी म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी मुले कोणत्या गावांत पाठवतात ते बघावे. तलवंडी साबो गावात जाण्यासाठी भटिंडा हे सोयीचे मोठे स्थानक असून पुढचा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता बसने जाता येतो.

आणखी एक: प्रवेश घेताना मूळ गुणपत्रिका आणि दाखले संस्थेने ठेवून घेऊ नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट बजावले आहे. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवावेत आणि परत घ्यावेत. प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत मिळेल याची टप्पेवार मर्यादाही त्याच आदेशात आहे. पैसे प्रतिनिधीच्या खात्यात न भरता विद्यापीठाच्या खात्यातच भरावेत, आणि पावती विद्यापीठाच्या नावाचीच घ्यावी.

प्रश्न : आमची मुलगी शीख नाही. धार्मिक वातावरणाच्या विद्यापीठात तिला गुरुद्वाऱ्यात जाण्याची, पाठ म्हणण्याची किंवा केस न कापण्याची सक्ती होईल का? पंजाबी भाषा शिकणे भाग पडेल का? (एक आई, सातारा)

उत्तर : सक्ती होऊ शकत नाही, आणि याला आधार राज्यघटनेचाच आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याची मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. खासगी विद्यापीठाला पैसे सरकार देत नसले, तरी मान्यता राज्याचीच असते. मात्र प्रवेशाच्या वेळी कशावर सह्या घेतल्या जातात ते वाचून पाहावे, कारण संमती तेथेच लिहून दिली जाण्याची शक्यता असते.

उपासना आणि शिस्त यांतला फरक मात्र लक्षात ठेवावा. तंबाखू, मद्य आणि इतर नशेच्या पदार्थांना परिसरात पूर्ण बंदी, भोजनगृहात केवळ शाकाहार, वसतिगृहात परतण्याच्या ठरलेल्या वेळा, साधा पोशाख असे नियम कोणतीही संस्था करू शकते, आणि शीख न्यासांच्या संस्थांमध्ये ते कडक असतात. गुरुद्वाऱ्यात पाऊल टाकताना डोके झाकण्याची आणि पादत्राणे काढण्याची अपेक्षा प्रत्येकाकडूनच असते. तेथे जाणे न जाणे मात्र आपल्या मुलीच्या इच्छेवर आहे. तंबाखूबंदीवर एखाद्या पालकाने तक्रार केल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. विद्यापीठाच्या परिसरात भल्या पहाटे कीर्तन ऐकू येईल, लंगरात एका पंगतीत बसून जेवता येईल, आणि हे आपल्या मुलीला आवडण्याची शक्यता जास्त आहे, असे आमचे व्यक्तिगत मत. पण शिस्तीचा कडकपणा प्रत्येकाच्या स्वभावाला मानवेल असे नाही, म्हणून आधी तेथे शिकत असलेल्या एखाद्या मराठी किंवा अन्य राज्यातील मुलीशी तिचे बोलणे करून द्यावे.

भाषेचे म्हणाल तर पंजाबातील काही सरकारी विद्यापीठांत पदवीला पंजाबी अनिवार्य असते आणि ज्यांनी ती शाळेत शिकलेली नाही त्यांच्यासाठी ‘पंजाबचा इतिहास आणि संस्कृती’ हा पर्यायी विषय असतो. खासगी विद्यापीठांचे नियम वेगवेगळे आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजी असले, तरी गुरुमुखी लिपी शिकून घ्यावी. देवनागरी येणाऱ्याला ती अवघड जात नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यातही खासगी विद्यापीठ आणण्याची चर्चा आहे, आणि पुढारी पंजाबची उदाहरणे देतात. अशा विद्यापीठाने आसपासच्या शेतकऱ्यांचे खरोखर काही भले होते का? (एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘काही प्रमाणात’ असे आहे, आणि ते प्रमाण विद्यापीठ काय शिकवते यावर ठरते.

पंजाबातील पहिले खासगी विद्यापीठ २००५ मध्ये फगवाड्याजवळ निघाले, आणि राज्याने २०१० मध्ये धोरण आखल्यावर त्यांची संख्या भराभर वाढली. विद्यापीठाला सलग मोठी जमीन लागते आणि ती शहरात परवडत नाही, म्हणून बरीच विद्यापीठे खेड्यांच्या शिवारात गेली. त्यामागे ग्रामोद्धाराची प्रेरणा दरवेळी होतीच असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरी हेतू काहीही असला, एक लाभ निर्विवाद आहे. भटिंडा आणि मानसा जिल्ह्यांतील ज्या घरांतून मुलीला पतियाळा किंवा चंदीगडला पाठवले गेले नसते, तेथून ती गावच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी परतत असेल, तर तिच्यापुरता प्रश्न सुटलेला असतो. खोल्या भाड्याने देणारे, खाणावळी चालवणारे, रिक्षावाले यांचीही सोय होते. परंतु याच भागात सरकारी गुंतवणूकही मोठी आहे, हे पुढारी सांगत नाहीत: तलवंडी साबोतच पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचा परिसर आहे, भटिंड्याला २००९ चे केंद्रीय विद्यापीठ आहे, तांत्रिक विद्यापीठ आहे आणि एम्स आहे. खासगी विद्यापीठ सरकारी शिक्षणाच्या जोडीला आले, त्याऐवजी नव्हे.

दुसरी बाजू शुल्काची. मालवा हा पंजाबचा कापूसपट्टा. २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने तेथील कपाशी उद्ध्वस्त केली, आणि नंतरच्या वर्षांत आपल्याकडच्या ओळखीची गुलाबी बोंडअळी तेथेही पोहोचली. अनेक ठिकाणी भूजल खारे आहे, आणि त्यात युरेनियमचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत. भटिंड्याहून बिकानेरला उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीला ‘कॅन्सर ट्रेन’ हे नाव लोकांनी उगीच दिलेले नाही. कर्जात बुडालेल्या अशा घरासाठी लाखांतले शुल्क हे दुसरे कर्जच असते. त्यातच गेली दोन दशके बारावी झालेला तरुण पदवीकडे न वळता इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देऊन कॅनडाची वाट धरत होता. त्यासाठी जमिनी विकल्या जात होत्या. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हा ही वाट अरुंद झाली. गावच्या विद्यापीठाला आपल्या गावची मुले परत मिळवण्याची ही संधी आहे, पण मुले येतील ती पदवीनंतर भटिंड्यातच काम मिळेल असा विश्वास वाटला तर.

म्हणून आमची कसोटी अशी आहे: त्या भागाचा प्रश्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिरतो का? खाऱ्या पाण्यावर कोणते पीक तगते, बोंडअळीचे सापळे गावपातळीवर एकाच वेळी कसे लावायचे, भाताचे काड जाळण्याऐवजी कोणते यंत्र छोट्या शेतकऱ्याला भाड्याने परवडते, शेजारच्या गावांचे पाणी दरवर्षी तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीला कोण देतो, अशा कामांत विद्यार्थी गुंतलेले असतील तर विद्यापीठ गावाचे झाले म्हणावे. केवळ व्यवस्थापन आणि संगणकाचे वर्ग भरवणारी इमारत शिवारात उभी असली, तर तिचा शेताशी संबंध कुंपणापुरताच राहतो.

तलवंडीच्या बाबतीत आणखी एक काम आम्हाला मोलाचे वाटते. ग्रंथसाहिबाच्या जुन्या हस्तलिखित प्रतींमध्ये, म्हणजे बिडींमध्ये, शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती. सगळी ओळ सलग लिहिली जाई, आणि तिला ‘लडीवार’ म्हणतात. आपल्याकडे मोडी वाचणारे जसे कमी झाले, तसे हे हस्तलेखन जाणकारीने वाचणारेही थोडेच उरले आहेत. जून १९८४ मध्ये अमृतसरच्या शीख संदर्भ ग्रंथालयातील हस्तलिखितांची अपरिमित हानी झाली, त्यामुळे गावोगावच्या घरांत आणि डेऱ्यांत (मठांत) उरलेल्या पोथ्यांचे महत्त्व वाढले आहे. चंदीगडच्या पंजाब डिजिटल लायब्ररीने अशा पोथ्यांच्या प्रतिमा घेण्याचे काम २००३ पासून चालवले आहे; त्या वाचणारी, तारखा लावणारी, कागद आणि शाई ओळखणारी माणसे घडवणे हे मात्र विद्यापीठाचे काम आहे. ज्या गावाचा लौकिकच प्रती उतरवण्यामुळे आहे, त्या गावातील विद्यापीठाने हा अभ्यासक्रम चालवला, तर नावातील काशीला अर्थ येईल. असा अभ्यासक्रम विद्यार्थिसंख्येच्या हिशेबात तोट्याचा असतो, हे आम्हाला कळते. म्हणूनच तो चालवणाऱ्या संस्थेविषयी आमचा आदर अधिक असेल.

तेव्हा आपल्या तालुक्यातील सभेत पुढाऱ्यांना जमीन किती देणार हे विचारण्याआधी कृषीचा विभाग कोणत्या वर्षी उघडणार आणि स्थानिक मुलांना शुल्कात सवलत किती, हे विचारावे. उत्तर लेखी मागावे.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी आहे. पंजाबातील खासगी विद्यापीठात मला आरक्षण आणि शिष्यवृत्ती मिळेल का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते, आणि महाराष्ट्राच्या प्रमाणपत्रावर पंजाब राज्याच्या आरक्षणाचा लाभ मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांवरून स्पष्ट आहे. तेव्हा आरक्षित जागेचा भरवसा धरू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे तसे नाही. ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी असतो ते राज्य देते, मग तो शिकायला कोठेही गेला तरी. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खासगी विद्यापीठाचे सगळे शुल्क भरून मिळेल असे मात्र गृहीत धरू नका, आणि रक्कम वेळेवर जमा होईल असेही नाही. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी लातूरच्या समाजकल्याण कार्यालयात अभ्यासक्रमाचे आणि विद्यापीठाचे नाव दाखवून, परराज्यातील या संस्थेसाठी किती शुल्क मंजूर होते आणि अर्ज कोणत्या मार्गाने करायचा, ते विचारून घ्या. शिष्यवृत्ती उशिरा आली तर परीक्षेला बसू देणार का, निकाल अडवणार का, हे विद्यापीठाकडून ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.